अनुभव धागा: पहिलं पुस्तक अन् लिटररी एजंटचा शोध

नमस्कार मंडळी. माझी पहिली कादंबरी लिहून झाली, मराठीत, पुनर्लेखनही आटोपलं. आता पुण्याचा मावसभाऊ म्हणतो आधी एजंट गाठ, म्हणजे लेखकाच्या वतीने प्रकाशकाशी बोलणारा माणूस, थेट प्रकाशकाकडे गेलीस तर कोणी बघणार पण नाही. इथे नागपुरात विचारलं तर "एजंट? आरटीओसमोर उभे असतात नं" असं ऐकून घ्यावं लागतं. ज्यांनी शोधला, ज्यांना मिळाला, ज्यांना नाही मिळाला, सगळ्यांनी लिहा. प्रकाशकांबद्दलचे अनुभवही चालतील.

धरमपेठी
मराठीत एजंट नसतो गं. थेट पाठव. संपला विषय.

रात्रपाळी
धरमपेठींचं बरोबर आहे पण विषय संपत नाही, कारण इंग्रजीत लिहिणाऱ्यांसाठी तो खरंच असतो. मी आयटीवाला, मिहानला नोकरी, कादंबरी इंग्रजीत. दिल्लीची रायटर्स साइड, जयपूरची सियाही अशा एजन्सी आहेत, त्यांच्या साइटवर काय पाठवायचं ते स्पष्ट लिहिलेलं असतं अन् तेवढंच पाठवायचं. बहुतेक ठिकाणी एक पानाचं पत्र, सिनॉप्सिस म्हणजे कथेचा सारांश, आणि सुरुवातीची काही प्रकरणं मागतात. सिनॉप्सिसमध्ये शेवट सांगायचा असतो हे मला पटतच नव्हतं, वाटायचं सस्पेन्स गेला की राहिलं काय, पण एजंट वाचक म्हणून थोडीच बघतो, गाडी शेवटपर्यंत जाते का ते बघतो. नकार आले, काहींचं तर उत्तरच नाही, आणि उत्तर न येणं हाच नकार समजायचा असतो. एकीने मात्र पूर्ण हस्तलिखित मागवलं आणि मधला भाग ढिला आहे असं पान नंबर टाकून सांगितलं. घेतलं नाही तिनेही, पण फुकटात एवढं कोण वाचतं? कमिशन साधारण 15 टक्के, परदेशी हक्क विकले तर 20 पर्यंत, आणि ते तुमच्या मानधनातून कापतात. आधी वाचनाची फी मागितली की मेल डिलीट.

संत्राबर्फी
फीवरून आठवलं. मला एक "पब्लिशिंग कन्सल्टंट" भेटला होता, सीताबर्डीवरच्या एका कॅफेत, लॅमिनेट केलेलं रेटकार्ड घेऊन. सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम. जसं काही लग्नाचं कॅटरिंग ठरवून राहिलो. प्लॅटिनममध्ये प्रकाशन समारंभ, पाहुणे, शाल-श्रीफळ सगळं. त्यात आयएसबीएनचे, म्हणजे पुस्तकाच्या ओळख क्रमांकाचे, वेगळे पैसे लावले होते, आणि आयएसबीएन तर राजा राममोहन रॉय नॅशनल एजन्सी फुकट देते, लेखकाला स्वतःलासुद्धा अर्ज करता येतो! मी तसं म्हटल्यावर त्याने कॉफी अर्धी टाकली अन् दुसरी मीटिंग आहे म्हणून निघाला. बिल मी दिलं. स्वतःच्या पैशाने पुस्तक काढण्यात काही वाईट नाही हं, फक्त ते छपाई म्हणून काढा, छापखान्याचं कोटेशन घ्या, त्याला एजंट-बिजंट नाव देऊ नका.

महालचा डीटीपीवाला
मी लेखक नाही पण लेखक रोज माझ्याच खुर्चीसमोर बसून राहतात म्हणून लिहितो. बाप्पा, पहिले फॉन्ट पाहा. जुन्या फॉन्टात टाइप करून आणता, प्रकाशक म्हणतो युनिकोड पाठवा, म्हणजे कुठल्याही कम्प्युटरवर सारखं वाचता येते ते, मग कुठल्यातरी फुकटच्या कन्व्हर्टरमधून काढता अन् 'वर्षा'चं 'वषार्' होते, सगळे रफार एक घर पुढे. असं हस्तलिखित पुण्या-मुंबईच्या संपादकाच्या टेबलावर गेलं तर तो दुसरं पान कायले उलटवीन? पहिल्यापासून युनिकोडमध्ये टाइप करा, पानांना नंबर द्या, प्रत्येक पानावर नाव नको पण पहिल्या पानावर फोन नंबर पाहिजे. फोन नंबरच विसरतात लोक, खरं सांगतो.

मुक्काम उमरेड
माझं पुस्तक कवितांचं, त्याला ना एजंट ना प्रकाशक. मास्तर म्हणाले आधी नियतकालिकांत छापून ये, मग विदर्भ साहित्य संघाच्या 'युगवाणी'ला आणि दिवाळी अंकांना पाठवत राहिलो. दिवाळी अंकाचं साहित्य पावसाळ्यातच जातं, नवरात्रात पाठवून उपयोग नाही. पुढे महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या नवलेखक अनुदान योजनेत अर्ज केला. पहिलंच पुस्तक असलं तरच चालते, हस्तलिखित निवडलं गेलं तर प्रकाशनाला अनुदान मिळते. वेळ लागते खूप, पण खिसा कापला जात नाही. अन् विक्रीचं म्हणाल तर धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर एका ओळखीच्या स्टॉलवर प्रती ठेवल्या होत्या. गोंदियाकडची एक बाई आली, चार पानं उभ्याउभ्या वाचली, म्हणे पोराले वाचता येईन नं हे? दोन प्रती घेतल्या. एजंट काय करणार होता याच्यापेक्षा जास्त?

कोर्टकचेरी
वकिली चष्म्यातून. मराठीत एजंट नाही म्हणजे त्याचं काम तुम्हालाच करायचं आहे, आणि त्याचं खरं काम करार वाचणं. कॉपीराइट लिहिल्याबरोबर तुमचाच असतो, नोंदणी सक्तीची नाही. 1957 च्या कायद्यात कलम 19 आहे, करारात हक्क किती वर्षांसाठी दिला ते लिहिलं नसेल तर 5 वर्षं धरतात, आणि कुठल्या प्रदेशासाठी ते नसेल तर भारतापुरता. म्हणून प्रकाशक बहुतेक वेळा "कॉपीराइटच्या संपूर्ण मुदतीसाठी" असं लिहून ठेवतात, म्हणजे तुमच्या हयातीत आणि नंतर 60 वर्षं. तिथे पेन थांबवायचा. अनुवाद, ऑडिओ, चित्रपट हे हक्क वेगवेगळे आहेत, एका ओळीत "सर्व हक्क" म्हणून देऊन टाकू नका. रॉयल्टी, म्हणजे विक्रीतला तुमचा वाटा, छापील किमतीवर की सवलत वजा जाऊन आलेल्या रकमेवर, हेही लिहून घ्या.

धागाकर्ती
@कोर्टकचेरी, एका प्रकाशकाचा मसुदा आलाच आहे, त्यात चित्रपटाचे हक्क निम्मे-निम्मे म्हटलंय. सही करू?

कोर्टकचेरी
त्यांच्याकडे सिनेमावाल्यांशी बोलणारं कोणी आहे का ते आधी विचारा. नसेल तर ते कलमच काढायला सांगा. नवीन लेखिका आहे म्हणून लाजू नका, मसुदा बदलण्यासाठीच पाठवलेला असतो.

धरमपेठी
आणि नाव सांग कादंबरीचं, तेच राहिलं.