मदत हवी आहे: किरणोत्सारी पदार्थांच्या लॅबमध्ये बाहेरच्या कामगारांना कसं आवरायचं?

सुरक्षा_डेस्क:
आमच्या संस्थेत दोन लॅबमध्ये फॉस्फरस-३२, आयोडीन-१२५ आणि ट्रिटियम वापरतात. तिसऱ्या खोलीत सीझियम-१३७ चा सीलबंद सोर्स, म्हणजे घट्ट बंद कवचातला किरणोत्सारी पदार्थ, आहे. संशोधकांची चिंता नाही, त्यांचं प्रशिक्षण झालंय, अंगावर किती किरणोत्सार पडला ते मोजणारे बॅज आहेत. डोकेदुखी आहे ती एसीवाले, प्लंबर आणि सफाईवाल्यांची. कंत्राटदार दर वेळी नवी माणसं पाठवतो. मास्टर की सिक्युरिटीकडे. "पाच मिनिटांचं काम आहे" म्हटलं की दार उघडतं.

परवा एक जण आयोडीनच्या फ्यूम हूडशेजारच्या (घातक वाफा खेचून घेणारं कपाट) ओट्यावर चढून डक्टचं पॅनल खोलत होता. हातमोजे नाहीत, पाण्याची बाटली थेट ट्रेला टेकलेली. दारावरचं किरणोत्साराचं तीन पात्यांचं पिवळं चिन्ह दिसलं नाही का, विचारलं तर म्हणाला, "पंख्याचं चित्र होतं, म्हटलं इथंच काम असेल." त्याला काय बोलणार! बरं, नीट समजावून सांगावं तर सफाईवाले पॅसेजमध्येही पाय ठेवेनात.

मास्टर की बंद केली तर आग लागल्यावर, रात्री पाणी गळल्यावर काय? आणि अशा लोकांना बॅज द्यायचे का?

अर्धायुष्य:
त्या तिन्ही खोल्या मास्टर कीमधून काढाच. वेगळी किल्ली सीलबंद पाकिटात सिक्युरिटीकडे ठेवा. पाकीट फोडलं की नाव, वेळ आणि तुम्हाला फोन. कुठे काय ठेवलंय ते अग्निशमन दलाला आधीच कळवून ठेवा.

सीझियमची खोली मात्र वेगळ्या हिशेबात धरा. तिथे मुख्य भीती चोरीची. १९८७ साली ब्राझीलमधल्या गोयानियात ओस पडलेल्या दवाखान्यातून सीझियमचा सोर्स भंगारात गेला. ४ जण दगावले, २४९ जण किरणोत्सारी पदार्थाने दूषित झाल्याचं आढळलं. त्या खोलीत कोणालाही एकटं सोडू नका, पाच मिनिटंसुद्धा नाही.

जुना_तंत्रज्ञ:
तासाभराच्या कामाला बॅजचा काही उपयोग नाही. बाहेरचा कामगार म्हणजे सामान्य नागरिक, त्याच्यासाठी किरणोत्साराच्या मात्रेची मर्यादा वर्षाला १ मिलिसिव्हर्ट (ही मात्रा मोजायचं एकक). जागा आधी तपासून, साफ करून मगच त्याला आत घ्या. ट्रिटियम गायगर काउंटरवर (किरणोत्सार मोजायचं हातातलं यंत्र) दिसत नाही, त्यासाठी वाइप टेस्टच हवी, म्हणजे पृष्ठभाग पुसून तो बोळा तपासायचा. दारावर तारीख आणि सही असलेलं परवान्याचं कार्ड लावा. कार्ड नाही तर प्रवेश नाही, नव्या माणसाला एवढं शिकवलं तरी पुरे.

फ्यूम हूडचा डक्ट आणि सिंकखालचा ट्रॅप (पाणी साठणारा वाकडा पाइप) साध्या दुरुस्तीत धरू नका, त्यांना वेगळा परवाना. फॉस्फरसचं अर्धायुष्य, म्हणजे किरणोत्सार निम्मा व्हायला लागणारा काळ, साधारण १४ दिवस, त्यामुळे काम पाच महिने पुढे ढकललं तर उरतो जेमतेम हजारावा भाग. आयोडीनला तेवढ्यासाठी दीड वर्षाच्या वर लागेल, म्हणजे तिथे सफाईच करावी लागणार.

सुरक्षा_डेस्क:
दोघांचेही आभार. कार्ड सोमवारपासून सुरू करतो. पण कामगारासोबत उभं कोण राहणार? संशोधक म्हणतात, ते आमचं काम नाही.

जुना_तंत्रज्ञ:
ज्याचा सोर्स, त्याचा माणूस. परवान्यावर गटप्रमुखाची सही आणि सोबत राहणाऱ्याचं नाव नसेल तर एसी दुरुस्त होणार नाही, असं लेखी कळवा. दोन दिवस घाम गाळला की माणूस मिळतो!