ट्रूनॅस व्हीएममध्ये चालवायचं आहे, डिस्क कशा द्याव्यात?

ध्वनिरेषा

नमस्कार मंडळी. मी घरून ध्वनिसंपादन करते. मुलाखती, जुन्या कॅसेटवरून उतरवून घेतलेली भाषणं, घरोघरच्या म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी. यातल्या काही कॅसेट आता वाजतच नाहीत, म्हणजे माझ्याकडची फाइल हीच एकमेव प्रत. ती जाऊ नये म्हणून हा खटाटोप.

मशीन एकच ठेवायचं आहे, म्हणजे फाइली सांभाळणारी ट्रूनॅस ही यंत्रणा त्यातल्याच व्हीएममध्ये (संगणकातल्या आभासी संगणकात) चालवायची. ज्या खोलीत ऐकायचं तिथेच ते आहे, दुसऱ्या पंख्याचा आवाज नको. सहा कोर, ३२ जीबी रॅम, प्रॉक्समॉक्स (व्हीएम चालवणारी मूळ यंत्रणा) एनव्हीएमईवर (वेगवान एसएसडीवर), आणि मदरबोर्डच्या साटा पोर्टांना ४ टीबीच्या चार हार्ड डिस्क.

सध्या चाचणीपुरत्या या चारही डिस्क प्रॉक्समॉक्समधून एकेक करून ट्रूनॅसच्या व्हीएमला जोडल्या आहेत. चारही मिळून झेडएफएसचा (ट्रूनॅसच्या फाइल-व्यवस्थेचा) पूल, म्हणजे एक सामाईक साठा, झाला, फाइली जातात-येतात. पण स्मार्टची (डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते तिची) माहिती दिसत नाही, तापमान दिसत नाही, डिस्कच्या मॉडेलच्या जागी 'क्यूईएमयू हार्डडिस्क' असं येतं. जिथे वाचावं तिथे 'व्हीएममध्ये झेडएफएस नको' एवढंच लिहिलेलं. का नको, हे कोणी समजावून सांगेल का?

तारयंत्र

ते वाक्य अर्धवट आहे. झेडएफएस व्हीएममध्ये उत्तम चालतं. त्याची अट एकच, डिस्क थेट त्याच्या हातात हवी.

झेडएफएस आधी डेटा लिहितं, तो डिस्कवर खरोखर उतरला याची खात्री करून घेतं आणि मगच नव्या डेटाकडे बोट दाखवणारी नोंद बदलतं. हा क्रम पाळला गेला तर मध्येच वीज जाऊनही पूल शाबूत राहतो. मधल्या थराने रॅममध्ये असलेल्या डेटालाच 'लिहिला' म्हटलं, तर नोंद अशा जागेकडे बोट दाखवते जिथे काहीच नाही. क्यूईएमयू (प्रॉक्समॉक्समध्ये व्हीएम चालवणारा प्रोग्राम) सहसा प्रामाणिक असतो, फ्लशची, म्हणजे 'आता डिस्कवर उतरव' ही आज्ञा खाली पोचवतो. पण डिस्कच्या कॅशमध्ये 'अनसेफ' हा पर्याय निवडला, तर ती आज्ञा तिथेच विरते. तुमच्या व्हीएमवर तो नाही ना, हे आजच बघा.

तुम्ही म्हणता ती स्मार्टची अडचणही मला मोठी वाटते. डिस्क जायला लागली की खराब सेक्टरचे आकडे वाढू लागतात, आणि तुमच्या व्हीएमला ते दिसणारच नाहीत. प्रॉक्समॉक्सला दिसतील, पण तिथे लक्ष ठेवणारं कोण?

आता खरा धोका. तुमच्या चारही डिस्क प्रॉक्समॉक्सलाही दिसतात, आणि प्रॉक्समॉक्सला झेडएफएस येतं. दोघांनी एकाच वेळी तोच पूल इम्पोर्ट केला (वापरासाठी उघडला), तर दोघेही आपापल्या हिशेबाने एकमेकांच्या ब्लॉकवर लिहितात आणि पूल कायमचा बिघडतो. चेकसम (डेटा पडताळण्याचा आकडा) यात वाचवत नाही, तो फक्त बिघाड झाल्याचं सांगतो. 'पूल दुसऱ्या यंत्रणेच्या वापरात आहे' असा इशारा झेडएफएस देतं, पण घाईत कोणीतरी सक्तीचा इम्पोर्ट करतंच.

म्हणून एकेक डिस्क न देता अख्खा कंट्रोलर (डिस्क ज्याला जोडतात ते हार्डवेअर) व्हीएमला द्या, यालाच पासथ्रू म्हणतात. बायोसमध्ये आयओएमएमयू सुरू करा (हार्डवेअर थेट व्हीएमला देऊ देणारी सोय, इंटेलच्या बोर्डवर तिचं नाव व्हीटी-डी), आणि बूट होतानाच कंट्रोलर व्हीएफआयओ ड्रायव्हरकडे (तो कंट्रोलर व्हीएमसाठी राखून ठेवतो) जाईल अशी सोय करा. नंतर प्रॉक्समॉक्सच्या डिस्कयादीत फक्त एनव्हीएमई दिसली पाहिजे.

रिकामा_स्लॉट

तारयंत्र यांचं पटतं, पण आधी एक विचारतो. ट्रूनॅस हवंच आहे का? प्रॉक्समॉक्सवरच पूल करा, एका एलएक्ससी कंटेनरमध्ये (व्हीएमपेक्षा हलक्या कप्प्यात) सांबा (नेटवर्कवर फोल्डर वाटणारा प्रोग्राम) बसवा, फोल्डर आत जोडून द्या. मधला थरही नाही, पासथ्रूही नाही, रॅमही वाचते. मी असंच चालवतो.

गैरसोयही सांगतो. स्नॅपशॉटचं (त्या क्षणाच्या डेटाच्या नोंदीचं) वेळापत्रक, स्क्रब (सगळ्या डेटाची पडताळणी), डिस्क बिघडल्याची मेल हे सगळं स्वतः बघावं लागतं. टर्मिनलची सवय नसेल तर ट्रूनॅसच बरं.

ध्वनिरेषा

दोघांचे आभार. फ्लशचं आता नीट कळलं. टर्मिनलशी माझं फारसं जमत नाही, त्यामुळे ट्रूनॅसच. कॅशचा पर्याय पाहिला, 'अनसेफ' नाही.

आयओएमएमयू गट तपासले, म्हणजे कोणती उपकरणं एकत्रच व्हीएमला द्यावी लागतात ते. साटा कंट्रोलर यूएसबी आणि नेटवर्क कार्डाच्याच गटात आहे. एसीएस ओव्हरराइड या सेटिंगने गट फोडता येतात असं वाचलं. करू का?

तारयंत्र

नका करू. त्याने गट कागदोपत्री वेगळे दिसतात, हार्डवेअर तसंच एकत्र राहतं. ज्या फाइलींची दुसरी प्रत नाही, त्यांच्यासाठी मी हा मार्ग कधीच सुचवणार नाही.

एलएसआयचं जुनं एचबीए कार्ड (डिस्क जोडण्याचा वेगळा कंट्रोलर) घ्या. ९२११-८आय किंवा ९३००-८आय, आयटी मोडचं (डिस्क जशाच्या तशा पुढे देणारं) फर्मवेअर असलेलं. रेड (स्वतःच डिस्क एकत्र करणारं) फर्मवेअर असलेलं नको, ते पुन्हा मध्ये बसेल. शक्यतो प्रोसेसरला थेट जोडलेल्या स्लॉटमध्ये लावा, तिथे गट बहुधा वेगळा मिळतो. ही कार्डं सर्व्हरच्या जोरदार हवेसाठी बनलेली असतात, साध्या कॅबिनेटमध्ये चांगलीच तापतात. तुम्हाला आवाज नको आहे हे लक्षात आहे, तरी त्याच्या हीटसिंकवर संथ फिरणारा एक मोठा पंखा लावाच.

व्हीएमला १६ जीबी रॅम द्या आणि बलूनिंग (व्हीएमची रॅम गरजेनुसार कमी-जास्त करणं) बंद ठेवा. पासथ्रू केलेलं कार्ड थेट मेमरीत लिहितं, त्यामुळे ती सगळी रॅम त्या व्हीएमसाठी अडकूनच पडते. चार डिस्कचा रेडझेड२ (दोन डिस्कएवढी जागा सुरक्षेसाठी राखणारी झेडएफएसची रचना) करा. जागा दोन मिररएवढीच (मिरर म्हणजे दोन डिस्कवर तोच डेटा), साधारण ८ टीबी, पण कोणत्याही दोन डिस्क गेल्या तरी डेटा राहतो.

रिकामा_स्लॉट

यात भर. प्रॉक्समॉक्सच्या बॅकअपमध्ये फक्त ट्रूनॅसची बूट डिस्क येईल, पासथ्रू केलेल्या डिस्कवरचं काहीही येणार नाही. त्या फाइलींची वेगळी प्रत घराबाहेर हवीच, रेडझेड कितीही असला तरी. दुसऱ्या व्हीएम ट्रूनॅसवरची जागा वापरत असतील, तर बूट क्रमात ट्रूनॅस पहिलं ठेवा आणि पुढच्यांना थोडा उशीर द्या.

ध्वनिरेषा

कार्ड मागवते. शेवटचं एक. प्रॉक्समॉक्सची एनव्हीएमईच गेली तर?

तारयंत्र

पूल सुरक्षित राहतो. कंट्रोलर थेट दिल्यामुळे डिस्कवर निखळ झेडएफएस असतं, प्रॉक्समॉक्सचा मागमूसही नाही. कुठल्याही मशीनला डिस्क जोडा, तीच किंवा नवी ट्रूनॅस आवृत्ती टाका, पूल इम्पोर्ट करा आणि सेटिंगची जपून ठेवलेली फाइल चढवा. ती फाइल उतरवून घेताना सीक्रेट सीडचा (जपलेले पासवर्ड उलगडणाऱ्या किल्लीचा) पर्याय निवडायला विसरू नका.

माझ्या शब्दावर विसंबू नका, करून बघा. पुन्हा पूल केल्यावर दोन-चार कमी महत्त्वाच्या फाइली टाका, पूल एक्स्पोर्ट करून (नीट बंद करून सोडून) व्हीएम बंद करा, आणि पेन ड्राइव्हवर बसवलेल्या ट्रूनॅसने तेच मशीन सुरू करा. पूल इम्पोर्ट झाला, फाइली वाजल्या, की तिथूनही एक्स्पोर्ट करा आणि परत व्हीएमवर या. 'पूल अपग्रेड करा' असं सुचवलं तर ते तेवढं टाळा. मुलाखती त्यानंतरच हलवा, आणि आत्ता जिथे आहेत तिथून लगेच पुसू नका.