टिनाच्या शेडमध्ये कार लिफ्ट: टू-पोस्ट की सिझर? (काळी माती, सिंगल फेज)

वणी_रोड

नमस्कार मंडळी. घराला लागून टिनाचं शेड आहे, त्यात गाडीची कामं घरीच करता यावीत म्हणून लिफ्ट बसवायची आहे. शेड १४ फूट रुंद, २२ फूट लांब. कडेला उंची १० फूट, मधोमध मोगरीखाली १३ फूट. छताला लोखंडी एंगलच्या कैच्या आहेत. खाली चार इंचाचा कोबा आहे, सळाख नाही, दोन-तीन ठिकाणी तडकला आहे. जमीन पूर्ण काळी, उन्हाळ्यात हात जाईल अशा भेगा पडतात. घरची लाईन सिंगल फेज.

गाड्या दोन: बोलेरो आणि स्विफ्ट. ऑइल, ब्रेक, सस्पेन्शन, सायलेन्सर ही नेहमीची कामं, क्वचित क्लचप्लेट. बजेट लिफ्टपुरतं दीड ते दोन लाख. सगळे म्हणतात चार टनाची टू-पोस्ट (दोन खांबांवर सरकणाऱ्या आर्मनी गाडी उचलणारी) घे. घ्यावी का? की सरळ खड्डाच खणून बांधून घ्यावा?

लोखंड_गिट्टी

भाऊ, टेप घेऊन आधी कैचीच्या खालच्या टायची (दोन पाय जोडणाऱ्या आडव्या एंगलची) उंची मोजा. तुमची कैची एंगलची आहे म्हणजे आडवा टाय कडेच्या उंचीवरच असणार, म्हणजे १० फूट. मोगरीखालच्या १३ फुटांचा मग काही उपयोग नाही.

हिशेब असा. बोलेरोची उंची १.८८ मीटर. १० फूट म्हणजे ३.०५ मीटर. वर १० सेंटीमीटर मोकळे सोडले तर बोलेरो १.०७ मीटर उचलता येईल, म्हणजे साडेतीन फूट. एवढ्यात माणूस गाडीखाली उभा राहू शकत नाही. त्यासाठी पावणेदोन मीटर उचल लागते, म्हणजे बोलेरोला टायखाली पावणेचार मीटर, सव्वाबारा फूट हवेत. टू-पोस्टचे पैसे देऊन तुम्हाला सिझरएवढीच (गाडीखाली कात्रीसारखी उघडून उचलणारी लिफ्ट) उचल मिळणार.

टाय कापायचा विचार कोणी सुचवला तर ऐकू नका. पत्र्याच्या वजनाने आणि वाऱ्याने कैचीचे पाय बाहेर फाकू पाहतात, टाय त्यांना धरून ठेवतो. तो कापला की भिंती बाहेर ढकलल्या जातात.

रुंदी पण अडते. टू-पोस्टची बाहेरून रुंदी ३.४ मीटरच्या आसपास असते, म्हणजे ११ फूट २ इंच. १४ फुटांतून ते गेले की दोन्ही बाजूला मिळून पावणेतीन फूट उरतात. एका खांबाला बाहेरून मोटर-पंपाचं युनिट लटकतं, तिकडून माणूस आडवा होऊनच जाईल.

खड्ड्याचं उत्तर थोडक्यात: काळ्या मातीत नको. पावसाळ्यात माती फुगून भिंती आत ढकलते, पाणी झिरपतं, साप-विंचू बसतात. आणि पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती खड्ड्याच्या तळाशी साचते. तिथे साधा हँडलॅम्प फुटला तरी भडका उडतो.

काळी_जमीन

वरचा हिशेब बरोबर आहे. पण शेड उंच असतं तरी मी तुमच्या त्या कोब्यावर टू-पोस्ट बसवू दिली नसती.

टू-पोस्टमध्ये गाडीचं वजन खांबावर सरळ खाली येत नाही, ते खांबापासून जवळपास मीटरभर आत, आर्मच्या टोकाला असतं. त्यामुळे दोन्ही खांब आत झुकू पाहतात आणि पायाच्या प्लेटचे बाहेरच्या बाजूचे बोल्ट वर खेचले जातात. बोलेरोचं वजन १,६०० किलो धरलं तर एका खांबाला ८०० किलो, मीटरभर अंतरावर. हा सगळा ताण बाहेरच्या दोन-तीन अँकर बोल्टांवर (काँक्रीटमधल्या भोकात पसरून घट्ट बसणारे बोल्ट) येतो. चार इंचाच्या बिनसळाखीच्या कोब्यात बोल्ट पसरला की कोबा शंकूसारखा उखडून वर येतो. आधी काही कळत नाही, आवाजही होत नाही.

त्यात खाली काळी माती. पाणी पिऊन फुगते, सुकली की आकसते, आणि शेडच्या मधल्या भागात व कडेला हे सारखं होत नाही. कडेची माती पावसात भिजते, मधली कोरडी राहते. म्हणून कोबा मधोमध नाही तर कडेला समांतर तडकतो. तुमच्या भेगा भिंतीपासून तीन-चार फुटांवर असतील, बघून घ्या.

माती किती फुगते ते घरी तपासता येतं. वाळवून बारीक चाळलेली माती १० ग्रॅम एका मोजपात्रात पाण्यात, १० ग्रॅम दुसऱ्या मोजपात्रात रॉकेलमध्ये टाका. ढवळून हवा काढा आणि २४ तास हलवू नका. रॉकेलमध्ये माती फुगत नाही. रॉकेलमध्ये १२ मिली आणि पाण्यात २१ मिली आली तर फरक ९ मिली, म्हणजे ७५ टक्के फुगवटा. ५० टक्क्यांच्या वर गेला की त्या मातीवर थेट काँक्रीट टाकू नये.

टू-पोस्ट करायचीच असेल तर काळी माती काढून मुरुमापर्यंत जावं लागेल. पण राफ्ट (सळाख घातलेला सलग जाड काँक्रीटचा पाया) लागेल भिंतीपासून भिंतीपर्यंत, आणि तेवढं खोल खणलं तर शेडच्या खांबांचे पाये उघडे पडतील. उभ्या शेडमध्ये हे काम करू नका.

म्हणून या शेडसाठी माझं मत: तीन टनाची मिड-राइज सिझर. उचल एक ते सव्वा मीटर, घडी केली की साधारण चार-साडेचार इंच जाडी, चाकं मोकळी लटकतात, वजन दोन लांब फ्रेमवर पसरतं, बोल्टांवर ओढ येत नाही. स्टुलावर बसून ब्रेक, सस्पेन्शन, ऑइल सगळं होतं. अडचण एकच, गाडीच्या मधल्या भागात कात्री येते. बोलेरोचा गिअरबॉक्स उतरवायला ती आडवी येईल.

फोर-पोस्टही (चार खांबांची) बसू शकते, पण तिच्यावर गाडी चाकांवरच उभी राहते. चाक काढायचं तर गाडी चाकांवरून उचलायला वर वेगळा जॅकिंग बीम घ्यावा लागतो. तुमची निम्मी कामं चाक काढूनच होतात.

वणी_रोड

टाय मोजला, ९ फूट ११ इंच. भेगापण भिंतीला समांतरच आहेत, साडेतीन फुटांवर. म्हणजे शेडमध्ये सिझर नक्की.

घरामागे मोकळी जागा आहे. तिथल्या विहिरीत साडेतीन-चार फुटांवर मुरूम दिसतो. पुढे-मागे तिथे उंच शेड टाकून टू-पोस्ट बसवायची तर राफ्ट किती लागेल? आणि आता सिझरखाली काय करू?

काळी_जमीन

सिझरसाठी आधी. मधला कोबा ९ बाय ११ फूट कापून काढा, फोडू नका, कटरने कापा म्हणजे बाकीचा हलणार नाही. खाली दोन फूट काळी माती काढा. भिंतीपासून अडीच फूट अंतर राहतं, तरी एकदम सगळं खणून चार दिवस उघडं ठेवू नका, खणलं की लगेच भरा. मुरूम सहा-सहा इंचांचे थर करून, ओलवून, प्लेट कॉम्पॅक्टरने ठोका. ठोकून दोन ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) बसतो, आणताना अडीच ब्रास आणा. वर ८ बाय १० फुटांचा सहा इंच स्लॅब, १० मिमी सळाख सहा इंचांवर जाळी. जुन्या कोब्याला जोडू नका, मधे अर्धा इंच थर्माकोल ठेवा. स्लॅब पाणसळीत हवा. एका बाजूला उतार असला तर सिझरच्या दोन फ्रेम वर-खाली जातात आणि गाडी तिरपी उचलते.

शेडच्या बाहेरून चारी बाजूंनी किमान चार फूट रुंदीचा कोबा, उतार बाहेर. पत्र्याचं पाणी पन्हाळीने दूर काढा. ओलावा बदलला नाही तर काळी माती हलत नाही. हे लिफ्टच्या कंपनीच्या कागदात कुठेच सापडणार नाही, पण आपल्याकडे निम्मं काम यातच आहे.

आता मागच्या जागेचं. राफ्ट १४ बाय १० फूट, १० इंच जाड. खोदाई १६ बाय १२, मुरूम लागेपर्यंत. चार फूट धरलं तर ७.७ ब्रास माती निघते, भरायला दहा ब्रास मुरूम लागेल. ठोकलेल्या मुरुमावर चार इंच १:४:८ (सिमेंट:वाळू:खडी) काँक्रीट, त्यावर प्लॅस्टिक, त्यावर राफ्ट. सळाख १२ मिमी, सहा इंचांवर, दोन्ही दिशांनी, वर आणि खाली दोन जाळ्या. एका जाळीला साधारण दीड क्विंटल, दोन्ही मिळून तीन.

काँक्रीट ११७ घनफूट, म्हणजे ३.३ घनमीटर. गावात एम-२५ (काँक्रीटच्या ताकदीचा ग्रेड) साठी १:१:२ धरतात, त्याला ३६-३७ पोती सिमेंट लागेल. पाणी पोत्यामागे २५ लिटरच्या वर नको. मिस्त्री माल पातळ मागतो कारण पसरवायला सोपा जातो, आणि अँकर बोल्ट त्याच पातळ मालामुळे सैल पडतो. व्हायब्रेटर भाड्याने आणा.

ओतायच्या आधी लिफ्टवाल्याकडून पायाच्या प्लेटचं ड्रॉइंग घ्या. पुठ्ठ्यावर भोकांचा नमुना कापून जाळीवर ठेवा आणि भोकाखाली येणाऱ्या सळाखी बाजूला सरकवून बांधा. नंतर ड्रिल सळाखीला लागलं की भोक वाकडं होतं किंवा कमी खोल राहतं. काठापासून आणि कुठल्याही जोडापासून बोल्ट सहा इंचांच्या आत नको.

काम उन्हाळ्यात करा, मृगाच्या आधी. पण ४५ डिग्रीत ओतताना दुपार टाळा, नाहीतर वरचा थर ताबडतोब सुकून केसासारख्या भेगा पडतात. आळं करून पाणी उभं ठेवा. बोल्ट २८ दिवसांनंतरच.

फेज_न्यूट्रल

लाईनचं कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. सिंगल फेज पॉवर युनिट सहसा २.२ किलोवॅट असतं, म्हणजे तीन एचपी. चालताना १५-१६ अँपिअर, सुरू होताना त्याच्या चार-पाच पट. मीटरवर मंजूर भार एक किलोवॅट असेल तर आधी महावितरणकडे वाढवून घ्या. शेतीपंपाच्या जोडणीवरून लिफ्ट चालवू नका, ती जोडणी शेतीच्याच वापरासाठी असते.

वायर महत्त्वाची. मीटरपासून शेड ३० मीटर असेल आणि २.५ चौ.मिमी तांब्याची वायर ओढली तर चालताना ७ व्होल्ट जातात, पण सुरू होताना ७० अँपिअरला ३१ व्होल्ट. संध्याकाळी आधीच लाईन १८० ला आली असली तर मोटरला १५० मिळतील. ती घुमेल पण फिरणार नाही, आणि कपॅसिटर जाईल. ६ चौ.मिमी घेतली तर तोच तोटा १३ व्होल्टवर येतो. ३२ अँपिअरचा सी-कर्व्ह एमसीबी (मोटर सुरू होतानाच्या झटक्याला न पडणारा), वेगळी अर्थिंग, आणि व्होल्टेज कमी-जास्त झालं की तोडणारा रिले लावा.

लोडशेडिंगचा एक मुद्दा नीट समजून घ्या. गाडी लॉकवर (वजन धरून ठेवणाऱ्या लोखंडी खटक्यावर) बसवली असताना लाईन गेली तर ती खाली येत नाही. लॉक सुटायला आधी गाडी थोडी वर उचलावी लागते, त्याला मोटर हवी. म्हणून हँडपंपची सोय असलेलं युनिट मागा, आणि लॉक सोडायला विजेचं मॅग्नेट नको, दोरी किंवा लिव्हरचं घ्या. जनरेटरवर चालवायचं तर साडेसात केव्हीएच्या खाली उपयोग नाही.

पाना_१७

गाडी कुठे टेकवायची ते दोन्ही गाड्यांना वेगळं. स्विफ्टला सिलखाली (दाराखालच्या लांब पट्टीखाली) खाचा असतात, तिथे पत्र्याची उभी कड असते. सपाट रबर लावलं तर ती कड मुडपते, खाच असलेलं रबर पॅड घ्या. बोलेरोला चेसिसखाली टेकवायचं. चेसिस उंच असते म्हणून तीन आणि सहा इंचांचे अडॅप्टर लागतात, लिफ्टसोबतच मागून घ्या. पॅड ब्रेकपाइप किंवा डिझेलच्या नळीवर येत नाही ना, खाली वाकून बघा. चिखल खरवडून काढा, ओल्या चिखलावर पॅड सरकतं.

चाकं जमिनीपासून सहा इंच उचलली की थांबा. बंपरला धरून गाडी जोरात हलवा. पॅड हललं तर खाली घेऊन परत लावा. मगच वर न्या, हवी त्याच्या जरा वर, आणि लॉकवर खाली बसवा. गाडी तेलाच्या दाबावर उभी असताना खाली शिरायचं नाही, लॉकचा आवाज दोन्ही बाजूंनी आला पाहिजे. पुढे टू-पोस्ट घ्याल तेव्हा अजून एक: गिअरबॉक्स उतरवला की तोल मागे जातो, तो उतरवायच्या आधीच मागच्या टोकाखाली उंच स्टँड लावा.

जुनी लिफ्ट स्वस्त मिळते, पण केबलची एक जरी तार तुटून बाहेर आली असेल तर केबल बदलावीच लागते. आर्मच्या मुळाशी वेल्डिंग घासून रंगवलेलं असेल तर सोडून द्या. गाडी उचलून लॉकवर न बसवता खांबावर चिकटपट्टीची खूण करा, तासाभरात खाली सरकली तर सील किंवा व्हॉल्व्ह गेलेला आहे. जुने अँकर बोल्ट परत कधीच वापरायचे नाहीत.

वणी_रोड

सगळ्यांचे मनापासून आभार. शेडमध्ये सिझर, वायर ६ ची, कोबा या महिन्यात कापतो. तेल कोणतं भरू? आपल्याकडचं ऊन बघता ३२ नंबरचं पातळ पडेल का?

पाना_१७

मॅन्युअलमध्ये दोन्ही चालतात असं असेल तर ४६ नंबरचं हायड्रॉलिक तेल भरा. टाकी बहुतेक दहा लिटरच्या आसपास असते, खूण बघून भरा. भरल्यावर रिकामी लिफ्ट पाच-सहा वेळा पूर्ण वर-खाली करा, हवा निघेपर्यंत ती झटके देते. टाकीच्या ब्रीदरला (हवा आत-बाहेर जायच्या भोकाला) जाळी आहे का ते बघा, मळणीच्या दिवसांत भुसा आत जातो. आणि पहिला पावसाळा संपला की स्लॅबवर पाणसळ ठेवून बघा. दोन फ्रेममध्ये फरक पडला असेल तर खाली लोखंडी पट्टी घालून सारखं करा, मगच पुन्हा बोलेरो उचला.