मदत हवी आहे: लंबकाच्या प्रयोगात पाच गटांची पाच उत्तरं, बरोबर कुठलं धरायचं?

पाटीपेन्सिल
'एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं तेच ठेवायचं' हे 5वीला शिकवण्यासाठी लंबक घेतलाय. साहित्य: गोधडीचा दोरा, लोखंडी नट, 30 सेंमीच्या पट्ट्या, मोबाइलचं स्टॉपवॉच. दोरा 50 सेंमी, 10 झोक्यांचा वेळ मोजायचा. पाच गटांचे आकडे (सेकंदांत): 14.2, 12.8, 14.4, 15.6, 14.1.

प्रश्न दोन. सरासरी काढून फळ्यावर लिहावी का? दुसरं, एकाऐवजी तीन नट लावल्यावर बहुतेक गटांचा वेळ जरासा वाढला आणि मुलांनी 'जड लंबक हळू हलतो' असं लिहून टाकलं. आता पुस्तकातलं उत्तर (वजनाने वेळ बदलत नाही) सांगून मोकळं व्हायचं का?

नटबोल्ट
सरासरी आत्ता नको. गंमत बघा, ती 14.2 येते आणि 50 सेंमीच्या लंबकाला 10 झोक्यांना साधारण तेवढाच वेळ लागतो. पण इथे दोन चुका एकमेकींना खाऊन टाकतायत, म्हणून ती जुळली. उद्या दोन्ही चुका एकाच बाजूला गेल्या तर?

12.8 वाल्या गटाला तुमच्यासमोर मोठ्याने मोजायला लावा. नट सोडताना ती मुलं 'एक' म्हणत असणार. म्हणजे 'दहा' म्हणेपर्यंत झोके नऊच होतात. एका झोक्याला 1.42 सेकंद, नवांना 12.8. तंतोतंत! उपाय: नट सोडताना 'शून्य' म्हणायचं, नट जाऊन परत हाताशी आला की 'एक'. त्याहून बरं म्हणजे दोन झोके तसेच जाऊ द्यायचे आणि तिसऱ्याला नट परतला की 'शून्य' म्हणून घड्याळ चालू करायचं.

15.6 ला कारणं दोन असू शकतात. अकरा झोके मोजले गेले, किंवा गाठ सरकून दोरा 60 सेंमीच्या आसपास गेला. दोरा पुन्हा मोजा, लगेच कळेल. नट कुठपर्यंत ओढून सोडला तेही विचारा. 20 अंशांपर्यंत फरक एक टक्क्याच्या आतच राहतो, पण कोणी 60 अंशांवरून सोडत असेल तर वेळ 15 च्या पुढे जाऊ शकतो. दोरा उभ्या रेषेपासून पट्टीने 10 सेंमी बाजूला ओढायचा, असं सगळ्या गटांना ठरवून द्या.

14.1, 14.2 आणि 14.4 यांच्यात भांडण नाही. बटण दाबायला बोटाला दोन-तीन दशांश सेकंद लागतातच. म्हणून तर एक झोका न मोजता दहा मोजायचे, ती चूक दहांत वाटली जाते. मोबाइलवर 14.23 दिसलं तरी वहीत 14.2 च लिहायचं.

मोजपट्टी
नटांबद्दल. तीन नट एकाखाली एक ओवले होते का?

पाटीपेन्सिल
हो, दोऱ्यात माळेसारखे.

मोजपट्टी
मग मुलांचे आकडे खरे आहेत, निष्कर्ष चुकलाय. लंबकाची लांबी टांगलेल्या बिंदूपासून वजनाच्या मध्यापर्यंत धरतात. 2 सेंमीचे तीन नट माळेत आले की मध्य 2 सेंमी खाली जातो, लंबक 52 सेंमीचा होतो आणि वेळ 14.5 च्या आसपास येतो. वजन बदलताना लांबीही बदलली! दोऱ्याच्या टोकाला यू-पिन उघडून तिचा आकडा करा आणि सगळे नट त्याच आकड्यात अडकवा. मध्य अजूनही थोडा हलला तर दोरा वर ओढून लांबी पुन्हा 50 करा.

पुस्तकातलं उत्तर सांगू नका. आकडे आणि निष्कर्ष यांच्या मध्ये वहीत एक आडवी रेघ मारायला सांगा. रेघेच्या वर 'माळेत तीन नट, 10 झोके, 14.5 सेकंद', हे निरीक्षण. खाली 'जड लंबक हळू हलतो', हे अनुमान. नवा प्रयोग झाला की खालचं खोडायला हरकत नाही, पण वरचं कधीच खोडायचं नाही.

गोधडी
गाठी मारण्यात तास जातो, त्यापेक्षा कपडे वाळत घालायचा चिमटा घ्या. तो बाकाच्या कडेला चिकटपट्टीने पक्का करा आणि दोरा त्याच्या तोंडात धरा. लांबी बदलायची असेल तर चिमटा दाबून दोरा सरकवायचा. पेन्सिलीला दोरा गुंडाळलात तर तो हलताना थोडा उलगडतो-गुंडाळतो आणि लांबी डळमळते. लोकर ताणली जाते, ती नकोच. पट्टीचं शून्याकडचं टोक झिजलेलं असेल तर 1 च्या खुणेपासून मोजायचं आणि एक वजा करायचा. शिंप्याची टेप घेणार असाल तर आधी चांगल्या पट्टीशी ताडून बघा, जुन्या कापडी टेपा ताणलेल्या असतात.

पाटीपेन्सिल
चिमटा छान सुचवलात. 3रीच्या मुलांना हाच प्रयोग द्यायचाय, पण दशांश त्यांना झेपत नाही. आणि 5वीला पुढे काय देऊ?

नटबोल्ट
3रीला घड्याळच नको. दाराच्या चौकटीला दोन लंबक शेजारी-शेजारी टांगा, एक 25 सेंमीचा, दुसरा 100 सेंमीचा. एकदम सोडा. मोठ्याचा एक झोका होईस्तोवर छोट्याचे दोन होतात, मुलांना डोळ्यांनीच दिसतं. कोणता आधी परत येईल, हा अंदाज सोडण्याआधी पेनने लिहून घ्या. पेन्सिल दिली तर खोडरबर बाहेर निघतो.

5वीला विचारा: दोरा 50 चा 100 सेंमी केला तर वेळ किती? वर्ग 28 म्हणेल, येईल 20. मग 25, 50, 75, 100 सेंमी घेऊन चौकटीच्या कागदावर आलेख काढा. साधारण 10.0, 14.2, 17.4 आणि 20.1 सेकंद यायला हवेत. रेघ वाकेल. पट्टीने सरळ करू देऊ नका. 100 सेंमीला बाक उंचीला कमी पडतो, तेव्हा दाराची चौकटच वापरा. आणि पंखा बंद.