मुंगीचे पाय मधल्या ठशालाच!
मुलांसोबत बोटांच्या ठशांच्या मुंग्या करायच्या, म्हणजे रंगात बोट बुडवून कागदावर ओळीने तीन ठसे उमटवायचे आणि त्यांना पाय काढायचे, असं कुणीतरी सुचवलंय, त्यात थोडी भर. आमच्याकडे हाच उद्योग झाला तेव्हा लेकीने (वय ४) तिन्ही ठशांना मिळून दहा-बारा पाय काढले. मग ओट्याखाली साखरेचे चार दाणे टाकले आणि भिंग घेऊन दोघी पालथ्या पडलो. "आई, सगळे पाय मधल्या गोळ्यालाच आहेत!" पुढच्या मुंगीला बरोबर ६ पाय आले. रंगात बुडवलेलं बोट आधी रद्दीवर एकदा टेकवा, नाहीतर मुंगीचा डोंगळा होतो.

अंड्यांच्या पुठ्ठ्याच्या ट्रेमधली एक ओळ कापली की सुरवंट तयार. कापायचं काम मात्र आपणच करावं, तो पुठ्ठा चिवट असतो. मिशांना खराट्याच्या काड्या नकोत, टोचतात. सुतळीचे तुकडे फेव्हिकॉलने चिकटवा. फुलपाखरासाठी घडीच्या कागदावर एकाच बाजूला रंगाचे थेंब टाकून दाबायचं, बस्स. घडी उलगडतानाचा चेहरा बघण्यासारखा असतो.

आणि हो, कोळी केलात तर पाय ८. तो कीटक नव्हे, हे आमच्याकडे आता आल्यागेल्याला ऐकवलं जातं.