जहाजाने लक्षद्वीप : मिनिकॉयचं गाव एका दिवसात नीट कसं बघावं?

धंतोलीकर
नागपूरहून आम्ही सहा मित्र जानेवारीअखेर निघतोय. कोचीहून जहाजाने कवरत्ती, कल्पेनी, मिनिकॉय असं पाच दिवसांचं पॅकेज आहे. रात्री जहाजावर, दिवसा बेटावर. पाण्यातले खेळ होतीलच, पण मन आहे ते मिनिकॉयच्या गावात आणि टुना मासेमारीत. तिघांना पोहता येत नाही, एकाला घाटातल्या एसटीतही मळमळतं. काय काय सांभाळायचं?

मानेवाडा_रोड
आधी परवाना. तो बेटाच्या नावानिशी मिळतो, म्हणजे ज्या बेटाचं नाव त्यात नाही तिथे उतरता येत नाही. पॅकेजवाले काढून देतात, पण पोलिसांचा चारित्र्य दाखला मागितला तर तो आपल्यालाच आणावा लागतो. सहाही जणांचे अर्ज एकाच दिवशी टाका. आधार कार्डावरचं आणि तिकिटावरचं स्पेलिंग जुळत नसेल तर आत्ताच दुरुस्त करून घ्या, कारण एकाचं अडलं की सगळ्यांचं अडतं.

केरळ एक्सप्रेस नागपूरहून थेट एर्नाकुलमला नेते. जहाज सुटण्याच्या दिवशीच पोचायचा बेत नको. गाडी लेट झाली तर जहाज थांबत नाही. उलट हवामानामुळे जहाजाचीही तारीख सरकते, म्हणून परतीच्या तिकिटाआधी कोचीत एक मोकळा दिवस ठेवा. रोख पैसे इथूनच न्या. दारू सामानात अजिबात नको, तिथे बंदी आहे.

खलाशी_विदर्भ
भाऊ, खरी कसोटी जहाजातून उतरताना लागते. लगून, म्हणजे बेटाभोवतीच्या प्रवाळाच्या कड्याआतलं पाणी, उथळ असल्यामुळे मोठं जहाज बहुतेक ठिकाणी बाहेरच उभं राहतं आणि बाजूच्या दारातून छोट्या होडीत उतरावं लागतं. होडी लाटेबरोबर वरखाली होत असते. ती वर येऊन क्षणभर थांबते तेव्हाच पाऊल टाकायचं, खाली जाताना नाही. दोन्ही हात मोकळे ठेवा, मोबाईल चेनच्या खिशात, पाठीवर एकच सॅक. खलाशी दंड धरतो. आपण त्याचा हात पकडायला गेलं की दोघांचाही तोल जातो. चप्पल नको, मागून पट्टा असलेली सँडल घाला.

मळमळणाऱ्यासाठी जहाजाच्या मध्यभागातली, खालच्या मजल्यावरची केबिन मागा, तिथे डोलणं सगळ्यांत कमी. प्रोमेथाझिनची गोळी डॉक्टरांना विचारून, जहाज सुटायच्या तासभर आधी. उलटी सुरू झाल्यावर घेतली तर पोटात टिकत नाही. तिने झोप येते, तेव्हा उतरायच्या सकाळी घ्यायची की नाही तेही विचारून ठेवा. उपाशी राहू नका, थोडं कोरडं खा.

न पोहणाऱ्यांनी लाइफ जॅकेट घालूनच स्नॉर्केल, म्हणजे मास्क लावून नळीने श्वास घेत पाण्याखाली बघणं, करावं. मास्क पट्ट्याशिवाय चेहऱ्याला लावून नाकाने श्वास ओढा, चिकटून राहिला तर माप बरोबर. दाट मिशी असली की तिथून पाणी शिरतं. प्रवाळावर उभं राहू नका आणि तुकडाही उचलू नका, वन्यजीव कायद्याने ते संरक्षित आहे.

टुनाप्रेमी_महाल
मिनिकॉय बाकीच्या बेटांहून वेगळं आहे. इतरत्र मल्याळम चालते, इथे महल, म्हणजे मालदीवच्या दिवेहीचीच बहीण, उजवीकडून डावीकडे लिहितात. गावाला अवाह म्हणतात, प्रमुख तो मूपन. गावाचं स्वतःचं सार्वजनिक घर असतं, नीट रंगवलेलं, राखलेलं. आत जायचं तर गाइडकडून आधी विचारून घ्या आणि चपला बाहेर काढा. वस्ती मुस्लिम आहे. गल्लीत खांदे-गुडघे झाकलेले कपडे, पोहण्याचे कपडे फक्त किनाऱ्यावर. बायकांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका. पाणी जपून वापरा : वाळूखाली गोड्या पाण्याचा पातळ थर खाऱ्या पाण्यावर तरंगत असतो, उपसा वाढला की विहीर खारी होते.

१८८५ चं दीपगृह सगळेच बघतात. तुम्ही गाइडला पहिल्याच तासात सांगा की मास, म्हणजे वाळवलेला टुना, बनवतात तिथे न्या, नाहीतर दिवस किनाऱ्यावरच जातो. टुना पकडायची पद्धत अशी : लगूनमध्ये पकडलेले बारीक जिवंत मासे होडीच्या टाकीत ठेवतात. टुनाचा थवा दिसला की ते मुठीने फेकतात आणि पाणी उडवत राहतात. पृष्ठभाग खळबळला की टुना वर येतो. गळाला उलटा काटा नसतो, म्हणून काठी मागे झटकून दोरी सैल पडली की मासा आपोआप सुटून होडीत पडतो. जाळं नाही, त्यामुळे कासवं-डॉल्फिन अडकत नाहीत. किनाऱ्यावर टुनाच्या लांब फोडी करून खाऱ्या पाण्यात उकडतात, धुरी देतात, मग उन्हात वाळवतात, लाकडासारख्या टणक होईपर्यंत.

धंतोलीकर
हे मास नागपूरला आणता येईल? दीड दिवस गाडीत डब्यातल्या लोकांचं काय?

टुनाप्रेमी_महाल
येईल भाऊ. तुकडा तुकड्यावर आपटून बघा, खणखणीत वाजला पाहिजे. नखाने दाबला जात असेल तर आत ओल आहे, घेऊ नका. कागदात गुंडाळून झाकण घट्ट बसणाऱ्या स्टीलच्या डब्यात ठेवा, वास बाहेर येत नाही. प्लॅस्टिकच्या पिशवीत घाम धरतो आणि बुरशी येते. घरी आणल्यावर एक ऊन द्या. पावसाळ्यात डबा फ्रीजमध्येच राहू द्या. किसून ओल्या नारळात आणि कांद्यात परतायचा, मीठ शेवटी चाखून.