'सदुसष्टावा हाइनरिश': क्रमांक, पाती आणि गादी

'चौदावा लुई' असे वाचले की त्या नावाचे तेरा राजे आधी गादीवर बसून गेले, असे आपण धरून चालतो. जर्मनीतल्या थुरिंगिया प्रदेशातील रॉइस या राजघराण्याविषयी मराठीत लिहिताना हीच समजूत दिशाभूल करते. या घराण्यात जन्मलेल्या प्रत्येक मुलाचे नाव हाइनरिश ठेवण्याचा नियम होता आणि क्रमांक जन्माबरोबरच मिळे. तो मुलगा पुढे राज्य करो अथवा न करो. त्यामुळे 'सदुसष्टावा हाइनरिश' म्हणजे सदुसष्टावा राजा नव्हे. माझ्या मते येथे क्रमांक नावानंतर लिहावा, म्हणजे 'हाइनरिश ६७वा', आणि पहिल्या उल्लेखाच्या वेळी तो जन्मक्रमांक असल्याचे सांगावे.

श्लाइत्स व गेरा येथील धाकट्या पातीचा (म्हणजे शाखेचा) उत्तराधिकार पाहिला की हा आग्रह का, ते कळेल. १८४८ मध्ये लोबेनश्टाइन-एबर्सडोर्फच्या हाइनरिश ७२व्याने पदत्याग केला आणि त्याचा मुलूख श्लाइत्सच्या हाइनरिश ६२व्याकडे आला. १८५४ मध्ये ६२व्यानंतर त्याचा धाकटा भाऊ ६७वा गादीवर बसला, १८६७ मध्ये त्याचा मुलगा १४वा आणि १९१३ मध्ये नातू २७वा. बापाहून मुलाचा क्रमांक इतका खाली कसा, तर या पातीत नवे शतक सुरू झाले की मोजणी पुन्हा एकपासून होई. ६७वा १७८९ मध्ये जन्मला होता, १४वा १८३२ मध्ये. ६२ आणि ६७ यांमधले चार क्रमांक त्या दरम्यान घराण्यात जन्मलेल्या इतर मुलांकडे गेले होते. ग्राइत्सच्या थोरल्या पातीत मात्र शंभरापर्यंत मोजण्याची रीत होती, त्यामुळे तेथील क्रमांक (१३, १९, २०, २२, २४) निदान चढत जातात.

'पाती' हा शब्द मी मुद्दाम वापरला आहे. १५६४ च्या वाटणीत रॉइस घराण्याचे थोरले, मधले व धाकटे असे तीन भाग झाले आणि मधला १६१६ मध्ये निर्वंश झाला. उरलेल्यांना 'ज्येष्ठ शाखा' व 'कनिष्ठ शाखा' म्हणण्यापेक्षा 'थोरली पाती' व 'धाकटी पाती' म्हणणे मला अधिक नेमके वाटते, कारण देवासच्या पवारांच्या दोन गाद्यांसाठी मराठीत हेच शब्द रूढ आहेत आणि 'पाती'मध्ये वंशाबरोबर वाट्याचाही अर्थ आहे. कोस्ट्रित्ससारख्या, स्वतंत्र राज्याधिकार नसलेल्या घरांना 'पोटशाखा' म्हणावे.

१९०२ मध्ये थोरल्या पातीचा २२वा वारला. त्याला पाच मुली होत्या, परंतु गादी एकुलत्या मुलाकडे, २४व्याकडे गेली. तो शारीरिक व मानसिक व्याधींमुळे राज्य चालवण्यास असमर्थ होता. त्याच्या वतीने धाकट्या पातीच्या १४व्याने आणि नंतर २७व्याने ग्राइत्सचा कारभार पाहिला. वयाची चोविशी गाठलेल्या राजाच्या बाबतीत त्यांना 'अज्ञानपालक' म्हणता येणार नाही आणि 'राजप्रतिनिधी' म्हटले की व्हाइसरॉय डोळ्यांपुढे येतो, म्हणून 'राजाच्या वतीने कारभार पाहणारा' असे सरळ लिहावे. १९१८ च्या नोव्हेंबरात दोन्ही राज्ये संपली. २४वा १९२७ मध्ये अविवाहित वारला आणि थोरली पाती खुंटली.